आधी मशीन, मग लाईट

जगदीशच्या दुकानात पहिल्यांदा गेली तेव्हा शकूबाई चक्क फसली असती, आणि फसवणारा कोणी नव्हता, एक साधा शब्द होता.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे जगदीशचं सोलरचं दुकान आहे. माणूस तसा भला, पण एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. शकूबाई आत शिरली, पदराने मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाली, "सोलर बसवायचाय मला. बॅटरीवाला."

जगदीशने स्टूल पुढे सरकवलं. "बसा मावशी. घरात लाईट किती?"

आता आमच्या मुलखात लाईट म्हणजे काय नाही? छताला लोंबतो तोही लाईट, तारेतून येते तीही लाईट, आणि खांबावरचा वायरमन येतो तोही लाईटवाला. शकूबाईला वाटलं, हा बल्ब विचारतोय. "चार," ती म्हणाली. "एक पंखा. टीव्ही हाय, पण बघतंय कोण!"

"मग काय, सोप्पं काम!" जगदीश खूश झाला. "एक पॅनल, एक बॅटरी, छोटा इन्व्हर्टर. परवा माणसं पाठवतो, दुपारपर्यंत बसवून मोकळे."

शकूबाई उठलीसुद्धा. दारात चपला पायात सरकवताना तिने सहज विचारलं, "मशीन चालंल ना रे त्याच्यावर?"

"चालेल की! शिलाई मशीन असं कितीसं खातंय?"

"शिलाईचं नाय रे बाबा. ह्यांचं श्वासाचं मशीन."

जगदीशच्या तोंडाला पहिल्यांदाच खीळ बसली. त्याने तिला परत स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, हे तुमी आधी सांगायचं होतं. आता पहिल्यापासून बोला."

पहिल्यापासून म्हणजे तिच्या नवऱ्यापासून. कोंडू सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला. पावसाळ्यात स्वतःची भातशेती आणि बाकीचं अख्खं वर्ष खडीच्या क्रशरवर काम. तरुणपणी तोंडाला फडकं बांधायचीही लाज वाटायची गड्याला, मर्दासारखा मर्द आणि तोंड झाकतो म्हणून पोरं हसायची. दगडाची भुकटी वर्षानुवर्षं छातीत जात राहिली आणि तिथेच बसली. आता साठी उलटायच्या आत त्याला चार पावलं चाललं की धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. रात्रभर नळी नाकात आणि दिवसाही निम्मा वेळ. जवळ विडी-काडी नको, दिवा नको, ठिणगीसुद्धा नको. अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक भरलेला बाटला असू द्या.

मशीन आलं. पण मशीन लाईटवर चालतं आणि वाडीची लाईट जंगलातून येते. वारा आला, फांदी पडली, लाईट गेली. वायरमन मुरबाडकडचा, मन लावून काम करणारा, पण एकटा माणूस किती खांब चढणार! तोपर्यंत बाटल्यावर भागवायचं आणि बाटला संपत आला की शकूबाई घडीघडीला त्याचा काटा बघायची.

तिचा मुलगा साईनाथ अंबरनाथला कंपनीत कामाला, बदलापूरला पाचव्या मजल्यावर घर. तो सरळ म्हणाला, "बाबांना मी नेतो. आमच्याकडं लाईट जात नाय, लिफ्ट हाय, हॉस्पिटल समोर हाय." वाईट बोलला नाही पोरगा. बापावर जीवच होता त्याचा. रस्त्याकडचा माळाचा तुकडा विकलेला, ते पैसे बँकेत होते. त्यातून बाबांसाठी वेगळी खोली काढायची असंही त्याने ठरवून टाकलं होतं.

कोंडू एकदा आठवडाभर राहून आला होता तिथे. शकूने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "हवा काय, इथं पण मशीनचीच आणि तिथं पण मशीनचीच. पण गो, तिथं बघायचं काय? खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. त्यांचे कपडे वाळत घातलेले. मी काय त्यांचे कपडे मोजू?" आणि मग तोंड फिरवून म्हणाला, "मला पाठवू नको."

एवढंच. लग्नाला पस्तीस-छत्तीस वर्षं झाली, कोंडूने बायकोकडे हट्टाने काही मागितलं असेल तर ते एवढंच. शकूबाईने तिथल्या तिथे मनाशी गाठ मारली: हा माणूस स्वतःच्या ओटीवरून हलणार नाही. त्यासाठी सोलर तर सोलर, माळाचे पैसे त्यात गेले तरी चालतील.

हे सगळं ऐकून जगदीशने नवा हिशेब मांडला. "तुमचे चारी बल्ब मिळून जेवढं खातात ना मावशी, त्याच्या आठ-नऊपट ते मशीन एकटं खातं. आणि बल्ब झोपताना बंद करतो आपण. मशीन झोपताना चालू होतं. म्हणजे ऊन नसताना."

"मग मला तेवढंच सांग," शकूबाई म्हणाली. "सूर्य बुडला, लाईट गेली, तर मशीन कुठवर चालंल?"

त्यानंतर तिचे मुरबाडचे कितीतरी हेलपाटे झाले. जगदीश जी वस्तू दाखवील तिला तिचा एकच सवाल, मशीन कुठवर चालंल? त्याने पाण्याची बॅटरी काढली, सगळे तीच घेतात, स्वस्त आणि ओळखीची. चालेल कुठवर? निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य सरतं, म्हणजे मध्यरात्र गाठली तरी नशीब. नको. मग लिथियमची. महाग, पण जवळजवळ पूर्ण उतरली तरी कुरकुरत नाही, पहाट दाखवील. ती हवी. इन्व्हर्टर साधा घेतला तर पंखा घुंघुं करतो, बल्ब चालतो, पण मशीन तापतं आणि आतून कुजतं. शिवाय मशीन सुरू होताना क्षणभर तिप्पट ओढ घेतं, तेव्हा साधा इन्व्हर्टर मान टाकतो. मग शुद्ध साइन वेव्हचा, मोठा. साइन वेव्ह म्हणजे काय हे शकूबाईला शेवटपर्यंत कळलं नाही, पण "साइनवालाच दे" एवढं तिने पाठ केलं.

"टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळं त्याच्यावरच टाकू का? वायरिंग सोपं पडेल," जगदीश म्हणाला.

"अजिबात नको. मशीन आणि एक बल्ब. बाकीच्यांनी लाईनवर मरावं."

"पॅनल चार पुरतील."

"सहा लाव. आमच्याकडं सिद्धगडामुळं ऊन उशिरा उतरतं आणि पावसाळ्यात तर उतरतच नाय."

जगदीशने स्वतः येऊन बघितलं. कौलांवर पॅनल टाकायची सोय नव्हती, वासे जुने. मग खळ्यातच लोखंडी चौकट उभी करायचं ठरलं. पण पश्चिमेला कोंडूने लहानपणी लावलेला रायवळ आंबा, त्याची सावली दुपारी नेमकी तिथे यायची. शकूबाईने एकदा झाडाकडे, एकदा ओटीकडे बघितलं. तिच्याने विचारवेना. ओटीवरून कोंडूच म्हणाला, "बघतंस काय गो? फांद्या उतरवून टाक. आंबे काय, बाजारात पण मिळतात." बोलताना त्याला धाप लागली, आणि ती धाप ऐकून शकूबाईने कोयता हातात घेतला.

वैशाखात सोलर उभा राहिला. काय थाट होता म्हणून सांगू! अख्खी वाडी बघायला लोटली. नवी वस्तू दारात आली म्हणजे पूजा आलीच. शेजारची ठकीबाई, म्हणजे शकूची थोरली जाऊ, हळद-कुंकवाचं तबक घेऊन पुढे. काचेवर ओल्या कुंकवाची बोटं उठली, नारळ फुटला आणि शकूबाईने बाजारातून आणलेले झेंडूचे दोन जाडजूड हार सहाही पॅनलवर आडवे ताणून बांधले. हार काढायचा कोणी? आमच्याकडे नव्या गाडीचा हारसुद्धा कोणी हाताने उतरवत नाही, तो आपल्याआप गळून पडू द्यायचा. तर तो राहिला.

आणि आठवड्यातच ती वेळ आली. वळवाचं वारं सुटलं, लाईट गेली, आणि भर संध्याकाळी, अजून भांडी घासायची राहिली होती तेव्हाच, मशीन किंचाळायला लागलं. बॅटरी रिकामी! शकूबाईने बाटला उघडला, नळी बदलली. कोंडूचे ओठ काळसर झाले होते. पुन्हा रंग येईपर्यंत ती त्याचा हात धरून बसली आणि त्याचा रंग आला तशी तिची भीती गेली आणि राग चढला.

"मेल्या, मला फसवलंस!" तिने फोनवरच जगदीशचा उद्धार केला. "पहाट दाखवील म्हणालास, मला दिवेलागण पण दाखवली नाय तुझ्या बॅटरीनं!"

जगदीश सकाळी धावत आला. आला आणि खळ्यातच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मावशी," तो म्हणाला, "हे काय?"

"हार हाय. दिसत नाय काय?"

"अहो, पण सावली पडते ना त्याची! हे सहा पॅनल एकाला एक जोडलेले आहेत. गाडीला जुंपलेल्या बैलांपैकी एकाच्या पायात दावं अडकलं तर गाडी पुढं जाईल का? आणि तुमी तर साऱ्यांच्या पायात अडकवलंत! हे कुंकू पण वाळून बसलंय काचेवर. बॅटरी निम्मीसुद्धा भरत नव्हती तुमची."

शकूबाईचा चेहरा उतरला. ज्या हातांनी देवाचं नाव घेऊन बांधला त्याच हातांनी नवऱ्याचा श्वास अडवला की आपण! क्षणभर तिला रडू फुटलं, अगदी हुंदका देऊन. मग तिने डोळे पुसले, बादली आणली, हार सोडले, काचा धुतल्या. ठकीबाई कुंपणावरून ओरडली, "अगो, पूजेचा हार असा तोडतात काय?"

"देवाला रोज नवा घालीन घरात," शकूबाई म्हणाली. "इथं सूर्याला वाट पायजे."

जगदीशने जाताना लाईनवर लाईट असेल तेव्हा त्यावरूनही बॅटरी भरेल अशी सोय करून दिली. पण बातमी बदलापूरला पोचायची ती पोचली. साईनाथ रविवारी आला, बापाचे पाय चेपत बसला आणि निघताना आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, एकदा झालं. मी काय बोलत नाय. पण परत मशीन बंद पडलं ना, तर मी कुणाचं ऐकणार नाय. गाडी घेऊन येईन आणि बाबांना घेऊन जाईन."

"ये," शकूबाई म्हणाली. "पण बंद पडलं तर."

आषाढ-श्रावण गेले तसे गेले. लाईट जायची, यायची, मशीन चालू राहायचं. आणि मग गणपतीत घात झाला. वाडीचा ट्रान्सफॉर्मरच जळाला. नवा येणार कधी, तर सणाच्या दिवसांत कोणीच सांगेना. आणि आभाळ असं दाटलेलं, की सिद्धगड कुठे आहे हेसुद्धा अंदाजाने सांगावं.

भावकीचा गणपती ठकीबाईकडे बसतो. आरास झालेली, माळा लावलेल्या, पोरांनी भाड्याने स्पीकर आणलेला आणि सगळं मुकं. पहिल्याच दिवशी ठकीबाई कुंपणापाशी आली. "शकू, एक वायर टाक गो तुझ्याकडून. गणपती अंधारात बसलाय."

"समई लाव ना, बाय."

"समई हायच. पण पोरांचा हिरमोड झालाय. एवढे सहा तवे उभे केलेस खळ्यात आणि देवाला लाईट नाय?"

शकूबाईने मान हलवली. "नाय जमणार. ऊन नाय, लाईन नाय. जेवढी भरते तेवढी ह्यांनाच पुरते का नाय, मला माहीत नाय."

"दोन माळांनी असं काय संपतंय?"

"दोन हारांनी काय झालं ते बघितलंस ना?"

ठकीबाई चिडली. जन्माची जाऊ, सुखदुःखात एका ताटात जेवलेली, पण तोंडावर बोलली, "देवाला नाय म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघितली," आणि तरातरा निघून गेली. शकूबाईला ते लागलं. आत येऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पण वायर तिने दिली नाही. उलट घरातला तो एक बल्बही बंद केला, आपला फोनही बंद करून फळीवर ठेवला. जगदीशने तिला सांगितलं होतं की बल्ब नावापुरतंच खातो. तिला आता नावापुरतंही कोणाला द्यायचं नव्हतं.

फोन लागेना तसा साईनाथ कासावीस झाला. वाडीतल्या कुणाचाच फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटला तसा त्याने ओळखीची जीप ठरवली आणि मुरबाडवरून थेट वाडी गाठली. दिवेलागण झाली होती. जीप माळावर थांबली. वाडीत घरोघरी कंदील होते, ठकीकाकीच्या दारात समईचा उजेड पडला होता. त्याच्या आईचं घर मात्र काळंठिक्कर.

साईनाथने जीपमधून उडीच टाकली. चार घरांत दिवे, आणि आपल्याच घरात नाही. म्हणजे बॅटरी गेली. मशीन गेलं. म्हणजे... त्याने पुढचं मनात येऊ दिलं नाही. चिखलातून धावला, पागोळीखाली घसरून गुडघ्यावर आपटला, तसाच उठून दारात आला आणि ओरडला, "बाबा!"

आत अंधारात मशीन चालू होतं. भुस्स... आणि थांबून परत भुस्स.

"पाय धुऊन ये," शकूबाईचा आवाज आला. "जमीन सारवलीय."

साईनाथ दाराला टेकला. त्याला हसूही येईना आणि रडूही आवरेना. "आई, अगो लाईट... दिवा तरी लावायचास!"

"दिवा कसा लावू? आत ऑक्सिजन हाय. डॉक्टर काय म्हणाले, विसरलास?"

"मग तो बल्ब?"

"बल्ब कशाला? आमाला काय एकमेकांची तोंडं माहीत नायत?"

अंधारातून कोंडू हसला. हसताना त्याला खोकला आला, खोकून झाल्यावर तो म्हणाला, "साईनाथ, तुझी आई कालपासून मला असंच बसवून ठेवते. चोराला पण वाटेल घर रिकामं हाय."

साईनाथ चाचपडत बापाजवळ गेला. हात धरला. हात गरम होता. इन्व्हर्टरवर आकड्यांचा एक छोटा हिरवा उजेड होता, तेवढ्यात त्याला आई दिसली. ती त्या आकड्यांसमोर पाटावर बसली होती, लेकराला निजवून त्याच्या पाळण्याशी बसावं तशी. "सकाळपर्यंत पुरंल," ती म्हणाली. "आज दुपारी जरा उघडलं होतं."

तेवढ्यात पलीकडून आरती सुरू झाली. स्पीकर नव्हता, नुसत्या टाळ्या आणि गळे. कोंडूने मान तिकडे वळवली आणि संपेपर्यंत ओठ हलवत राहिला. यंदा जन्मात पहिल्यांदा तो भावकीच्या आरतीला उभा नव्हता. साईनाथला बापाच्या ओठांची हालचाल दिसली आणि त्याने धरलेला हात सोडला नाही.

आरती संपली आणि खळ्यात पावलं वाजली. ठकीबाई आरतीचं तबक घेऊन येत होती, निरांजनावर पदर धरून. रुसली होती खरी, पण दिराला आरती दिल्याशिवाय तिच्या घशाखाली प्रसाद उतरला नसता.

"बाय, थांब!" शकूबाई ओरडली. "तिथंच थांब! पुढं येऊ नको!"

ठकीबाई खळ्याच्या मधोमध थबकली. ती म्हणाली, "अगो, लाईट नाय दिलीस, नको देऊ. आता आरती पण नको काय त्याला?"

शकूबाई उत्तर द्यायला थांबली नाही. धावत खळ्यात गेली. निरांजनावर दोन्ही तळहात धरले. रोज धरतो तसे नाहीत, चांगले चटका बसेपर्यंत धरले. मग दोन्ही हात एकमेकांवर घट्ट मिटून, ऊब निसटू नये म्हणून छातीशी धरून ती आत पळत आली आणि अंधारात कोंडूच्या दोन्ही गालांवर, नाकातल्या नळीवरून, कपाळावरून, डोळ्यांवरून तिने ते हात फिरवले.

"गरम हाय," कोंडू म्हणाला. "अजून गरम हाय गो."

ठकीबाई तबक धरून खळ्यात उभी होती, ती तिथेच रडायला लागली. "परत ये शकू," ती म्हणाली. "ये, परत धर. मी हाय इथं."

शकूबाई परत गेली, परत आली. मग साईनाथ उठला. ओटीवरून उतरला, काकीसमोर उभा राहिला, ज्योतीवर हात धरले आणि वळताना माळावर थांबलेल्या जीपकडे बघून हाक मारली.

"जा रे तू. आमच्यातलं कोण येत नाय."

आणि हात मिटून तो बापाकडे आत गेला.